वाऱ्याला जायची वाट

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेचा पूल ओलांडून दोन गल्ल्या आत शिरलं, की पत्रा ठोकल्याचा आवाज येतो. तो खुशालरावांचा. त्याच्यावर जो आवाज चढतो, तो दुर्गाबाईंचा. नवराबायको मिळून कूलर बनवतात. पत्रा कापायचा, वाकवायचा, ठोकून डबा उभा करायचा, हे काम खुशालरावांकडे. पंखा बसवणं, पाण्याचा पंप जोडणं आणि जाळीत गवत भरून ताट्या बांधणं दुर्गाबाईंकडे. गिऱ्हाइकाशी बोलण्याचं कामही त्यांच्याचकडे, कारण पत्रा ठोकून ठोकून आपल्याला ऐकू कमी येतं, असं खुशालराव सांगतात. बायको बोलायला लागली की जरा जास्तच कमी येतं, असं गल्ली सांगते.

होळी झाली की या दुकानाचे दिवस सुरू होतात. सगळ्या गावाचे कूलर माळ्यावरून खाली येतात, त्यांतली झुरळं झटकली जातात, आणि जुन्या ताट्यांचं कुजकं गवत बदलायला लोक दुर्गाबाईंकडे रांग लावतात. नवा कूलर घ्यायला आलेल्या माणसाची मात्र त्या आधी पूर्ण उलटतपासणी घेतात. इतके प्रश्न मुलगी बघायला आलेले लोकही विचारत नाहीत.

"खोली केवढी हाये? खिडकी कोणत्या भिंतीले? समोरचं दार कुठी उघडते?"

एकदा एका गृहस्थांनी सांगितलं, खिडकी नाही, एकच दार आहे, तिथंच कूलर लावणार. दुर्गाबाईंनी त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं. "पैसे ठेवा खिशात. आधी समोरच्या भिंतीले झरोका पाडा, मंग या. नाई तं मले शिव्या देसान अन् मी ऐकून घेणार नाई." आलेलं गिऱ्हाईक असं जाताना खुशालरावांनी पाहिलं. पत्र्यावर हातोडा जरा जोरात बसायला लागला.

हे खिडकीचं खूळ त्यांच्या डोक्यात कुठून आलं, ते सांगायला हवं, कारण जन्मतः त्या अगदी उलट्या होत्या.

दुर्गाबाईंचं माहेर मोर्शीकडचं. घरची संत्र्याची बाग, काळी जमीन, आणि उन्हाळ्यात आईचा एक कायदा. ऊन अंगणात उतरलं की दारंखिडक्या गच्च लावायच्या, फटींना ओलं पोतं अडकवायचं, आणि दिवस कलेपर्यंत कुणी कडीला हात लावायचा नाही. लहानग्या दुर्गेनं मांजरीसाठी दार किलकिलं केलं तरी आई आतून ओरडायची, "ऊन घरात घेऊन राहिली का वो?" वऱ्हाडात हे कुणाला शिकवावं लागत नाही. वैशाखातल्या दुपारी उघडी खिडकी दिसली की आपला हात आपोआप तिकडे जातो. लग्न होऊन अकोल्यात आल्या, नवऱ्याबरोबर कूलर बनवायला लागल्या, तरी तो कायदा त्यांच्या हाडात होता. गिऱ्हाइकाला त्या बजावून सांगायच्या, "सगळं बंद करा, नाई तं गारवा बाहीर पळून जाईन." तेव्हाच्या घरांच्या दारांनाच इतक्या फटी होत्या, की सगळं बंद केलं तरी वारा आपला खेळता राहायचा. त्यामुळे चूक कुणाच्या ध्यानात आली नाही.

ती आली मोरोपंत सरांच्या घरी. सर शाळेत विज्ञान शिकवायचे. नवं घर बांधलेलं, खिडक्यांना घट्ट बसणाऱ्या काचा. कूलर नेला आणि तीन-चार दिवसांत भर उन्हात छत्री घेऊन स्वतः दुकानात हजर झाले. त्यांना पाहून खुशालराव पत्र्याच्या थप्पीमागे काहीतरी शोधायला गेले आणि तिथंच राहिले.

"कूलर उत्तम बनवलाय," सर म्हणाले. "फक्त घरातलं मीठ पाझरायला लागलंय. आणि आमची शैला विचारते, हा कूलर आहे की चुलीवर ठेवलेलं पातेलं?"

दुर्गाबाईंना वाटलं, आता कूलर परत, पैसे परत, आणि गावभर बोभाटा. नवीन दुकान होतं. उधारीवर आणलेला पंखा त्या डब्यात होता. पण सर म्हणाले, "संध्याकाळी दोघं घरी या. आधी चहा घेऊ, मग बघू."

गेले. शैलाकाकूंनी पोहे दिले, चहा दिला. मग सरांनी देवघरातून एक उदबत्ती आणली, पेटवली आणि ती खुशालरावांच्या नव्हे, दुर्गाबाईंच्या हातात दिली. "खोलीभर फिरा. धूर कुठे जातो ते मला सांगा." धूर कुठेच जात नव्हता. कूलर घोंघावत होता आणि धूर खोलीतल्या खोलीत घोटाळत होता. मग सरांनी समोरची खिडकी वीतभर उघडली, आणि उदबत्तीचा धूर सरळ रेघ ओढल्यासारखा त्या फटीतून बाहेर निघून गेला. पाहता पाहता अंगाची चिकचिक कमी झाली.

"पाणी वाळतं, म्हणून गारवा येतो," सर म्हणाले. "हवा पाण्यानं भरून गेली की तिच्यात आणखी पाणी वाळणार कसं? भरलेल्या हवेला बाहेर जायला वाट द्या, कोरडी हवा आपोआप आत येते. आपल्या वऱ्हाडाची हवा इतकी कोरडी आहे, की या कामात तिच्यासारखी मदतनीस नाही. वीज लागते ती एका पंख्यापुरती. बाकी सगळं काम हा वारा फुकट करतो."

त्यांनी एवढं सांगितलं. चूक तुमची, असं एकदाही म्हणाले नाहीत. आणि नंतर शाळेतल्या अर्ध्या मास्तरांना दुर्गाबाईंच्या दुकानाचा पत्ता दिला. त्या उन्हाळ्यात दुकानानं जो पाय रोवला, तो आजपर्यंत हललेला नाही. दुर्गाबाई हे उपकार विसरल्या नाहीत. दर वर्षी होळीनंतर पहिल्या आठवड्यात त्या सरांच्या घरी जायच्या आणि त्या कूलरच्या ताट्या बदलून द्यायच्या. सर पैसे पुढे करायचे, "हे बरोबर नाही, दुर्गाबाई," म्हणायचे. तेवढ्यापुरतं त्यांनाही नवऱ्यासारखं कमी ऐकू यायचं.

दिवस पालटले. घरोघरी एसी आले. दुर्गाबाईंचा एसीवर राग नाही, हेही सांगून टाकतो. दवाखान्यात पाहिजे, आजारी माणसाला पाहिजे, आणि पाऊस पडून हवा दमट झाली की त्यांचा कूलर नुसता पत्र्याचा डबा असतो, हे त्या स्वतःच गिऱ्हाइकाला सांगतात. त्यांची तक्रार एवढीच, की जिथं एका पंख्याच्या विजेत भागतं, तिथं लोक दहा पंख्यांची वीज का जाळतात. पण तक्रार ऐकायला गिऱ्हाईकच कमी झालं होतं. रांगेची दोन-चार माणसं झाली. आणि या वर्षी होळीच्या सुमाराला गल्लीत बातमी आली, की मोरोपंत सरांच्या पोरानं, पुण्याच्या अद्वैतनं, वडलांच्या खोलीला एसी बसवला. शैलाकाकू गेल्यापासून सर एकटेच होते. पोरानं काळजीनं केलं, बरंच केलं. तरी दुर्गाबाईंना ते लागलं. ताट्यांसाठी बाजूला काढून ठेवलेलं चांगलं गवत त्यांनी दुसऱ्या कूलरला वापरलं. एसीच्या घरी गवताचा भारा घेऊन कोणत्या तोंडानं जायचं, असं म्हणून त्या या वर्षी गेल्याच नाहीत.

मे महिन्यात त्यांच्या लेकीचा, आचलचा, फोन आला.

आचल अमरावतीला दिलेली. नांदगाव पेठेच्या औद्योगिक वसाहतीत एका शिलाईच्या कारखान्यात ती एका लाईनची सुपरवायझर आहे. शाळेचे पांढरे शर्ट शिवायचं काम. मोठा हॉल, वर पत्रा, खाली मशीनवर बसलेल्या बाया. दुपार झाली की पत्रा तापून वरून भट्टी पेटते. बाया डोक्यावर ओली ओढणी घेऊन शिवतात, आणि ओढणीतलं पाणी शर्टावर टपकू नये म्हणून मान वाकडी ठेवतात. त्या आठवड्यात एक बाई मशीनवरच चक्कर येऊन पडली होती.

"आई, मालक म्हणते पुढच्या सोमवारपासून दुपारपर्यंतच काम," आचल म्हणाली. "अर्धी पाळी अन् अर्धी मजुरी. थे जून लागेपर्यंत. शाळा उघडाच्या आत शर्ट नाई गेले तं पुढच्या वर्षी आपल्याले कामच भेटत नाई. मागची लाईन तं त्याईनं आधीच बंद केली. तिथल्या बायाईले सांगतलं, घरी बसा."

"मंग एसी लावा म्हणा."

"लावणार होते. पण एवढ्या मोठ्या हॉलले एसी लावला तं शिलाईतून मिळते थे सगळं लाईटबिलातच जाईन म्हणते. अन् तेवढं कनेक्शनबी नाई." आचल जरा थांबली. "आई, तू येतं का?"

दुर्गाबाईंनी आजवर घरातल्या खोलीपेक्षा मोठ्या जागेचा कूलर कधी केला नव्हता. पण लेक 'ये' म्हणाली होती, आणि त्या हॉलमधल्या सगळ्या बायांचं दुपारचं काम त्या एका शब्दात अडकलं होतं. त्या दुसऱ्याच दिवशी गेल्या. हॉलला दोन फेऱ्या मारल्या, वारा कुठून येतो ते विचारून घेतलं, आणि मालकाला म्हणाल्या, "पश्चिमेच्या भिंतीले चार मोठे कूलर. पूर्वेच्या खिडक्या उघड्या. दुसरं काई नाई."

मालक अंकुर, तिशीतला पोरगा, मोर्शीकडच्या शेतकऱ्याच्या घरचा. कारखाना चालला पाहिजे एवढीच त्याची धडपड. त्यानं वरच्या तापल्या पत्र्याकडे पाहिलं. "काकू, चालले तं ठीक. नाई चालले तं पुढच्या शनिवारी काढून न्या. सोमवारी मले पाळीचं ठरवाच लागते."

खुशालरावांनी एवढे मोठे डबे आयुष्यात बनवले नव्हते. ते बनवताना अंगात वारं शिरल्यासारखे वावरत होते. निम्मी गल्ली पाहायला यायची आणि ते कुणाचंच ऐकत नव्हते, या वेळी खरोखर कामात असल्यामुळे. कूलर टेम्पोतून नांदगाव पेठेला गेले, भिंतीत बसले, त्यांच्यावर उन्हापासून आडोसा म्हणून हिरवी जाळी ताणली. सुरू केले, आणि हॉलमध्ये गार वाऱ्याचा लोट आला. बायांनी डोक्यावरच्या ओल्या ओढण्या काढून वाळत टाकल्या. आचलनं आईकडे असं पाहिलं, की दुर्गाबाईंना अकोल्यापर्यंतच्या एसटीत जागा मिळाली नाही तरी काही वाटलं नाही.

दोन दिवस गेले आणि आचलचा फोन. आवाजावरूनच कळलं, बिघडलं.

"आई, सगळा हॉल चिकचिक करून राहिला. कापड दमट होते, टाक्याखाली गोळा होते. बाया म्हणते, यापेक्षा ऊन बरं होतं. मालक म्हणे शनिवारी गाडी पाठवा."

"खिडक्या उघड्या हायेत ना?"

पलीकडे आचल काही बोलली, पण मशीनच्या आवाजात ते विरलं आणि फोन कटला. दुसऱ्या दिवशी शुक्रवार. दुर्गाबाईंनी पिशवीत एक पोळी, एक कांदा आणि सरांपासून लागलेल्या सवयीनं उदबत्तीचा पुडा टाकला आणि सकाळच्या गाडीत बसल्या. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं, डोक्यात एकच. आपण लेकीची मान खाली घालायला लावली. आणि सोमवारी त्या बाया दुपारी घरी जातील, ते आपल्या कूलरमुळे.

हॉलचं दार उघडलं आणि ओलसर ऊब तोंडावर आली. अगदी तीच, कधीकाळी सरांच्या खोलीत आलेली. चारही कूलर जीव तोडून चालले होते. आणि पूर्वेकडची एकूण एक खिडकी बंद. नुसती बंद नाही, फटींना खोक्यांचे पुठ्ठे लावून वर चिकटपट्टी मारलेली.

"कोणं लावल्या या?" दुर्गाबाईंचा आवाज चढला.

"लावणार नाई तं काय वो?" लाईनमधल्या सगळ्यांत जुन्या पार्बताबाई मशीनवरून उठल्याच. तोंडानं फटकळ, पण कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. "भर वैशाखात खिडक्या उघड्या ठेवाच्या? आमची माय जिवंत असती तं लाटण्यानं मारती. लू आत शिरते, धूळ आत शिरते. पांढरा शर्ट हाये बाई, डाग पडला का माल वापस."

"आई, पुठ्ठे मीच लावाले सांगतले," आचल हळूच म्हणाली. "धूळ दिसली मले."

दुर्गाबाईंच्या जिभेवर सगळं आलं होतं. चार वेळा सांगून गेले, कानात बोळे घातले होते का, पोटची पोर असून एवढं कळत नाही का. दुकानात असत्या तर गल्लीला ऐकू गेलं असतं. पण पार्बताबाईंच्या तोंडून त्यांची स्वतःची आईच बोलत होती. त्यांना मोरोपंत सर आठवले, भर उन्हात छत्री घेऊन दुकानाच्या पायरीशी उभे, आणि काय म्हणाले होते ते.

त्या बाकावर बसल्या. "आचल, आधी चहा सांग. सगळ्याईसाठी."

चहा झाला. मग त्यांनी पिशवीतून उदबत्त्या काढल्या, एक उदबत्ती पार्बताबाईंच्या हातात दिली आणि काडेपेटी उघडली. अंकुर टेबलावरून उडी मारूनच आला.

"काकू! कापडाच्या हॉलमंधी काडी ओढता का? सगळं पेटन!"

खरंच होतं. दुर्गाबाई ओशाळल्या. हातात काडेपेटी, पुढे सगळ्या बाया, आणि आता दाखवायचं कसं? सरांनी धूर दाखवला होता म्हणून त्यांना कळलं होतं. नुसतं सांगून त्यांना तरी कुठं कळलं असतं? लेकीसमोर, मालकासमोर त्यांनी काडेपेटी परत पिशवीत टाकली.

"कायले पाह्यजे होता विस्तव?" पार्बताबाईंनी विचारलं.

"धूर पाह्यजे होता, बाई. वारा कुठून जाते थे तुमाले दाखवाचं होतं."

पार्बताबाईंनी उदबत्ती टेबलावर ठेवली. स्वतःच्या मशीनच्या रिळावरून हातभर धागा तोडला. "वारा पाहाले धूर कायले लागते? धागा नाई का उडत?"

दुर्गाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. "हव माय, उडते. चाल, एकच खिडकी उघडू. धूळ आली तं मी स्वतः शर्ट धुऊन देतो."

पुठ्ठा काढला. खिडकी वीतभर उघडली. बाहेर रस्त्यावर धुळीची वावटळ फिरत होती. पार्बताबाईंनी धागा धरला आणि धूळ तोंडावर येणार म्हणून डोळे मिटून घेतले. बाकीच्या मशीनवरून वाकून पाहत होत्या. धागा क्षणभर लोंबकळला, मग ताठ झाला आणि खिडकीतून बाहेर निघाला. असा खेचला गेला, की पार्बताबाईंच्या बोटाला ओढ लागली.

त्यांनी डोळे उघडले. "बाहीर जाऊन राहिला वो!"

"ज्या खिडकीतून वारा बाहीर चालला," दुर्गाबाई म्हणाल्या, "तिच्यातून धूळ आत कशी येईन, माय?"

मग काय, प्रत्येकीला धागा पाहिजे. पुठ्ठे निघाले, चिकटपट्ट्या निघाल्या, खिडकीखिडकीला पांढरे धागे बांधले गेले. सगळे बाहेर उडत होते. कोपऱ्यातल्या एकाच खिडकीचा धागा आत यायला लागला. तिथं बाहेरच्या भिंतीवर आपटून वारा वळत होता. ती खिडकी दुर्गाबाईंनी लावून घेतली आणि म्हणाल्या, "इथं तुमच्या मायचं ऐका." सगळ्या हसल्या. दुपार चढली, पत्रा तापला, पण अंगावरचा घाम आता वाळत होता आणि कापड टाक्याखाली सरळ पळत होतं. चक्कर येऊन पडलेली बाई त्या दिवशी पाळी संपेपर्यंत बसली. आचल आईजवळ येऊन तिच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. दुर्गाबाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

शनिवारी गाडी पाठवायची वेळ आली नाही. सोमवारी पूर्ण पाळी भरली आणि पुढेही भरत राहिली. अंकुर स्वतः सकाळी धागे पाहत हॉलभर फिरू लागला. महिन्याचं लाईटबिल आलं तेव्हा त्यानं ते दोनदा वाचलं आणि बंद पडलेल्या लाईनवरची धूळ पुसायला सांगितली. घरी बसवलेल्या बायांना निरोप गेले. शाळांच्या शर्टांसाठी मागची लाईन पुन्हा चालू झाली, आणि आचलवर दोन्ही लाईनी आल्या.

दुर्गाबाई पाऊस लागायच्या आधी शेवटच्या ताट्या पाहायला गेल्या, तेव्हा बायांनी त्यांना घेरलं. साडी-चोळीचं बोलणं निघालं. दुर्गाबाईंनी हात जोडले. "माह्यं काई नाई, बायाहो. मी बी तुमच्यावानीच खिडक्या लावत होती. मले एका सरांनी शिकवलं. न रागावता." आणि मग मिठापासून उदबत्तीपर्यंत सगळं सांगितलं.

सगळं ऐकून पार्बताबाईंनी एकच विचारलं. "त्याईचं माप काय?"

चार दिवसांनी, दुपारच्या वेळी, दुर्गाबाई कागदात गुंडाळलेली वस्तू घेऊन मोरोपंत सरांच्या दारात उभ्या होत्या. लाईट गेलेली. एसी भिंतीवर गप्प. सर समोरच्या खोलीत वर्तमानपत्रानं वारा घेत बसले होते, आणि खिडकीत तोच जुना कूलर होता. स्वच्छ पुसलेला, पण ताट्या गेल्या वर्षीच्या, वाळून पिवळ्या पडलेल्या.

"या," सर म्हणाले. "या वर्षी ताट्या बदलायला आला नाहीत."

"मले वाटलं... एसी लागला तं..."

"एसी चांगला आहे. अद्वैतनं माझ्यासाठी बसवला, रात्री लावतो. पण दुपारी लाईट गेली की तो थांबतो. हा बिचारा इन्व्हर्टरवर चालतो. अद्वैत म्हणाला, काढून टाकू. मी म्हटलं, राहू दे, दुर्गाबाई येतील." सर हसले. "होळीपासून वाट बघतोय."

या माणसाला आता आपली गरज नाही असं मनाशी ठरवून दुर्गाबाई घरी बसल्या होत्या, आणि हे इथं उकाड्यात वाट पाहत होते. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि खुशालरावांना फोन लावला. "गवत घेऊन या. सरांच्या घरी. आत्ताच्या आत्ता." खुशालरावांना पहिल्याच वेळी ऐकू आलं. स्कूटरवर गवताचा भारा बांधून ते आले सुद्धा.

ताट्या बांधता बांधता दुर्गाबाईंनी नांदगाव पेठेची सगळी हकीकत सांगितली. पाणी सोडलं, पंखा फिरला, ओल्या गवताचा वास खोलीत पसरला. मग त्यांनी कागद सोडला. आत पांढऱ्याशुभ्र कापडाची बंडी होती. दोन खिसे, सरळ टाके, काजं हातानं केलेली.

"हॉलमंधल्या बायाईनं शिवली, सर. तुमच्यासाठी. म्हणे, त्या सरांमुळे आमची दुपार वाचली."

"मी तर त्यांना पाहिलंही नाही," सर म्हणाले. बंडी त्यांनी तिथंच अंगात घातली. खांद्याला अगदी बरोबर बसली. खालच्या टोकाला एक लांब धागा लोंबत होता.

"हे पाह्य, पार्बताबाई असं कधी सोडत नाई," दुर्गाबाई पुटपुटल्या आणि तो तोडायला वाकल्या.

"थांबा." सर उठले, भिंतीचा आधार घेत समोरच्या खिडकीपाशी गेले, ती वीतभर उघडली आणि बंडीचा तो धागा बोटात धरून फटीपाशी नेला. धागा उचलला गेला आणि बाहेर उडू लागला.

"त्या बायांना माझा नमस्कार सांगा," ते म्हणाले. "आणि पुढच्या वर्षी होळी झाली की या. बोलावण्याची वाट बघू नका."

दुर्गाबाईंना या वेळी सगळं नीट ऐकू आलं.